मोटरहोमचा जनरेटर सारखा बंद पडतो? पैसे मोजण्याआधी वेळ मोजा

जून उजाडला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच लगबग असते. आई-बाबा भारतातून आलेले, मुलांच्या शाळांना सुट्टी लागलेली आणि मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन, झायन, ग्रँड कॅनियन गाठायचे बेत ठरलेले. सहा-सात माणसांची गाडी असते आणि छतावर एसी असतो. हा एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले 120 व्होल्टचे प्लग, वीज नसलेल्या कॅम्पसाइटवर किंवा चालत्या गाडीत, सगळं चालतं ते गाडीच्या बुडाशी बसवलेल्या जनरेटरवर. हाच जनरेटर सुरू होऊन वीस मिनिटांत गप्प होतो, सेल मारला की पुन्हा धडधडतो आणि पुन्हा गप्प होतो. बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि आत आजी पदराने वारा घेत बसलेल्या असतात.

या एका तक्रारीचा खर्च शून्य डॉलरपासून पाच-सहा हजार डॉलरपर्यंत कुठेही जाऊ शकतो. बहुतेकांना हे बिल आल्यावरच कळतं, म्हणून हा लेख लिहितो आहे. सांगायचं ते एवढंच: जनरेटर सुरू झाल्यापासून किती वेळाने बंद पडला आणि त्या क्षणी गाडीत काय काय चालू होतं, हे कागदावर लिहिल्याशिवाय दुरुस्तीसाठी खिशात हात घालू नका. निम्मं निदान त्या दोन नोंदींतच असतं. ज्या टेक्निशियनला तुम्ही या नोंदी द्याल, तो तुमच्या पैशाने अंदाज बांधत बसणार नाही.

खरंच बंद पडला की नुसता ब्रेकर पडला?

आधी कान द्या. इंजिनचा आवाज चालू आहे पण एसी आणि मायक्रोवेव्ह मेले आहेत, तर जनरेटर ठणठणीत आहे, फक्त वीज आत पोचत नाही. जनरेटरच्या अंगावरच एक ब्रेकर असतो. तो गाडीच्या आतल्या पॅनेलमध्ये नसल्याने भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. बाहेरचं झाकण उघडा, ब्रेकर पूर्ण खाली करा आणि मग वर करा. अर्धवट पडलेला ब्रेकर दिसायला चालूच दिसतो, त्यामुळे नुसतं बघून सोडू नका. एवढ्या कामासाठी मोबाइल टेक्निशियन बोलावला, तर त्याच्या येण्याचे 100 ते 200 डॉलर द्यावेच लागतात, काम दोन मिनिटांचं असलं तरी.

इंजिनच थांबत असेल, तर पुढचा प्रश्न: ते का थांबलं हे जनरेटर स्वतः सांगतो का? बहुतेक सांगतो. अमेरिकन मोटरहोममध्ये सर्वांत जास्त दिसतात ते कमिन्स ओनानचे जनरेटर. त्यांच्या बऱ्याच मॉडेलवर सुरू-बंद करायच्या बटणात छोटा दिवा असतो. जनरेटर बंद पडल्यावर तो दिवा मोजून उघडझाप करतो. दिवा थांबला असेल तर ‘स्टॉप’ बाजू पाच सेकंदांच्या आत तीनदा दाबा, शेवटचा कोड पुन्हा दिसतो. दोनदा उघडझाप म्हणजे ऑइलची तक्रार. चारदा म्हणजे सेल मारूनही इंजिन पेटलंच नाही. तीनदा झाली तर ‘स्टॉप’ आणखी एकदा दाबायचं, मग दोन अंकी कोड मिळतो: आधी दशकाच्या उघडझापा, थोडी विश्रांती, मग एककाच्या. त्यातला 36 लक्षात ठेवा. त्याचा अर्थ असा की कंट्रोलरने थांबवलेलं नसताना इंजिन आपोआप थांबलं. बहुतेक वेळा त्याचं मूळ पेट्रोल न मिळण्यात असतं. मॉडेलप्रमाणे कोड थोडे बदलतात, म्हणून आपल्या मॉडेलची पुस्तिका फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. ज्या कॅम्पसाइटवर जनरेटर बंद पडतो, तिथे सहसा रेंज नसते.

कोड मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, हे मी प्रत्येकाला सांगतो. उघडझापा मोजण्यात चूक होते, आणि तो व्हिडिओ टेक्निशियनला पाठवला तर तो योग्य पार्ट घेऊनच येतो. दुसरी फेरी वाचते.

बटण सोडताच मरतो

सेल मारतोय तोवर इंजिन चालतं आणि बोट उचलताच बंद होतं, याचा अर्थ ठरलेला आहे. इंजिन पेटलं आहे, पण कंट्रोल बोर्डाला जनरेटरकडून ‘वीज तयार होते आहे’ हा इशारा मिळत नाही, म्हणून तो इंजिन बंद करतो. कारणं साधारण अशी: ऑइल कमी, कार्बन ब्रश झिजलेले, ज्या कड्यांवर ते घासतात त्यांच्यावर काजळी किंवा गंज, एखादा सैल प्लग आणि सगळ्यांत शेवटी बोर्ड. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत कड्यांवर गंजाचा थर बसतो. ब्रश थोडक्या डॉलरांत मिळतात आणि कडी साफ करणं हे तासा-दोन तासांचं काम असतं. बोर्ड मात्र मॉडेलप्रमाणे साधारण 300 ते 700 डॉलर, वर मजुरी. इलेक्ट्रिक पार्ट एकदा लावला की सहसा परत घेत नाहीत. म्हणून बोर्ड बदलायला कुणी सांगितलं तर विचारा, ‘ब्रशचं आणि आउटपुटचं मोजमाप घेतलंत का? आकडा किती आला?’ आकडा सांगता आला नाही तर दुसरीकडे दाखवा.

दहा मिनिटं ते तासभर चालून बंद पडतो

सर्वांत जास्त तक्रारी इथल्याच, आणि पैसा वाया जातो तोही इथेच.

पहिली गोष्ट फुकटची. पेट्रोलवरच्या मोटरहोममध्ये जनरेटर गाडीच्याच मुख्य टाकीतून पेट्रोल ओढतो, पण त्याची नळी टाकीच्या तळापर्यंत जात नाही. साधारण पाव टाकी उरली की जनरेटर कोरडा पडतो. हे मुद्दाम केलेलं आहे, रात्रभर एसी चालवून सकाळी माणूस पंपापर्यंतही पोचू शकला नाही असं होऊ नये म्हणून. मोटारसायकल रिझर्व्हला लागते तसंच, फक्त इथे रिझर्व्ह गाडीसाठी राखीव आहे आणि जनरेटरला त्यात वाटा नाही. काटा पावच्या थोडा वर असला तरी उतारावर उभी असलेली किंवा घाट चढणारी गाडी पेट्रोल एका बाजूला ढकलते आणि जनरेटर हवा ओढतो. चालत्या गाडीत चढावर बंद पडतो, सपाटीला लागल्यावर नीट सुरू होतो, असं होत असेल तर आधी टाकी अर्ध्याच्या वर भरा. चार हजार वॅटचा जनरेटर निम्म्या लोडवर तासाला सुमारे अर्धा गॅलन पितो. म्हणजे दिवसभरात चार-पाच गॅलन सहज जातात आणि काटा आपल्या नकळत खाली येतो.

टाकी भरलेली आहे, तरीही पाऊण तासात इंजिन गचके खात मरतं आणि थोडं थांबलं की पुन्हा चालतं. आता संशय फिल्टर, पंप आणि रबरी नळ्यांवर घ्यायचा. फिल्टर तुंबला असेल तर कमी लोडवर पेट्रोल पुरतं, एसीचा कॉम्प्रेसर लागला की पुरत नाही. पंप जुना असेल तर गार असताना चालतो आणि तापला की दम सोडतो. नळ्यांचं दुखणं सर्वांत फसवं असतं. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळीला बाहेरून पेट्रोल गळेल एवढी भेग नसते, पण आतून हवा शिरेल एवढी असते. जमिनीवर थेंब नाही, वास नाही, आणि जनरेटर मात्र उपाशी.

अॅरिझोनातल्या पेजजवळ एका ओळखीच्या काकांच्या जुन्या गाडीचं असंच झालं होतं. दुकानाने कार्बोरेटर बदलला, मग पंप बदलला, आणि जनरेटर चाळीस मिनिटांत बंद पडायचा तो पडतच राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने टाकीच्या तोंडाशी असलेली वीतभर रबरी नळी काढून बोटांत वाकवली. सरळ असताना ती धडधाकट दिसत होती. वाकवल्यावर तिच्या पाठीवर बारीक भेगांची जाळी उघडली. नळी काही डॉलरची होती. तिच्याआधी लागलेल्या दोन पार्टांचे आणि मजुरीचे मिळून हजाराच्या वर गेले होते.

हा गोंधळ टाळायची एक चाचणी आहे. टाकीतून येणारी नळी जनरेटरपाशी सोडवायची आणि वेगळ्या, मान्यताप्राप्त कॅनमधून ताजं पेट्रोल द्यायचं. त्यावर जनरेटर तासभर नीट चालला तर दोष टाकी ते जनरेटर यांच्यामधल्या नळ्यांत आहे. तरीही बंद पडला तर दोष जनरेटरच्या आत. अर्ध्या शक्यता एका फटक्यात निकालात निघतात. पण हे जाणकाराच्याच हातून व्हावं. गरम सायलेन्सरशेजारी उघडं पेट्रोल हा खेळ नव्हे, आणि भाड्याच्या गाडीत तर नळीला हातही लावू नये. टेक्निशियनला मात्र स्पष्ट सांगा, ‘पार्ट बदलण्याआधी बाहेरच्या कॅनवर चालवून बघा.’

खर्चाचा अंदाज असा. फिल्टर 15 ते 40 डॉलर, मजुरी धरून शंभर ते दोनशे. पंप 100 ते 250, बसवून साधारण 300 ते 600. नळ्या स्वस्त, पण टाकी खाली घ्यावी लागली तर मजुरीच तीन-चार तासांची होते. कार्बोरेटर मूळ कंपनीचा घेतला तर सगळं मिळून 500 ते 900 पर्यंत जातं. बाजारात पन्नास-साठ डॉलरांचे नकली कार्बोरेटरही मिळतात. काही चालतात, पण त्यांचं पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट बसलेलं नसलं तर इंजिन एकसारखं हिंदकळत राहतं आणि तुम्ही पुन्हा दुकानात. मी तरी ते घेणार नाही.

कार्बोरेटर बिघडतो तो बहुतेकदा न वापरल्यामुळे. उभ्या गाडीत पेट्रोल शिळं होतं, कार्बोरेटरच्या केसासारख्या बारीक छिद्रांत राळ धरते, आणि मग जनरेटर चोकवर चालतो, चोक सुटला की मरतो. उपाय पुस्तिकेत छापलेला असतो आणि लोक तोच टाळतात: महिन्यातून एकदा निदान दोन तास जनरेटर चालवा, तोही निम्म्या लोडवर, म्हणजे एसी लावून. नुसता रिकामा पाच मिनिटं फिरवून बंद करणं कामाचं नाही. हिवाळ्यात गाडी उभी करायची असेल तर पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर टाका. दहा-पंधरा डॉलरची बाटली असते. टाकल्यावर जनरेटर थोडा वेळ चालवा, म्हणजे औषध मिसळलेलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचेल. नुसतं टाकीत ओतून गाडी झाकून ठेवली तर कार्बोरेटरमध्ये जुनंच पेट्रोल राहतं.

एसी लागला की किंवा कुकर लावला की बंद

आता आपल्या स्वयंपाकघराचा हिशेब मांडू, कारण मराठी कुटुंबाची गाडी पिझ्झा गरम करून भागवत नाही. संध्याकाळी वरण-भात हवा, सकाळी चहा आणि पोहे हवेत.

चार हजार वॅटचा जनरेटर म्हणजे 120 व्होल्टला सुमारे 33 अँपिअर. छतावरचा 13,500 बीटीयूचा एसी चालताना 1,300 ते 1,500 वॅट घेतो, पण कॉम्प्रेसर लागतो त्या क्षणी त्याच्या दुपटीहून जास्त ओढतो. घरून नेलेली इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर 1,800 वॅट. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर साधारण 1,000. चहाची इलेक्ट्रिक किटली 1,500. वॉटर हीटर विजेवर असेल तर आणखी 1,400. हेअर ड्रायर 1,500 च्या पुढे. याशिवाय एक लोड कुणालाच दिसत नाही, बॅटरीचा चार्जर. रात्रभर दिवे-पंखे चालून बॅटऱ्या उतरल्या असतील, तर सकाळी जनरेटर सुरू केल्याबरोबर चार्जर एकटाच सात-आठशे वॅट खाऊ शकतो.

एसी, इंडक्शन आणि वॉटर हीटर एकत्र चालले तर बेरीज 4,700 वॅट होते. एखाद वेळी ब्रेकर पडेल, एखाद वेळी इंजिनच दबून मरेल. यात बिघाड काही नाही. वॉटर हीटर आणि फ्रिज प्रोपेनवर टाका, इंडक्शन घरी ठेवा आणि गाडीतली प्रोपेनची शेगडी वापरा. स्वयंपाक करताना वरचा झरोक्याचा पंखा चालू आणि एक खिडकी उघडी हवी. जनरेटर सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटं कोणताही लोड देऊ नका, मग एसी लावा, तो स्थिरावला की बाकीचं. बंद करतानाही आधी लोड काढा, इंजिनला दोन-चार मिनिटं गार होऊ द्या.

एवढं करूनही एसी लागतानाच जनरेटर दबत असेल, तर एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवता येतो. तो सुरुवातीचा झटका खूपच कमी करतो. साधारण 300 डॉलर, बसवायची मजुरी वेगळी. स्वतःची गाडी असेल तर हा पैसा सत्कारणी लागतो.

उंचीचा हिशेबही इथेच करायला हवा. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना जनरेटरची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, कारण हवा विरळ होते. ग्रँड कॅनियनचा दक्षिण कडा सुमारे 7,000 फुटांवर आहे, यलोस्टोनमधलं ओल्ड फेथफुल 7,300 च्या पुढे. म्हणजे चार हजारांचा जनरेटर तिथे तीन हजारांचाच उरतो. कॅलिफोर्नियात एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र निवांत चालवणारा जनरेटर यलोस्टोनला किटली आणि हीटर एकत्र लावल्यावर मान टाकतो तो यामुळे. कार्बोरेटरच्या बऱ्याच मॉडेलवर उंचीसाठी एक खटका असतो. वर चढताना तो त्या उंचीवर आणायचा, आणि खाली उतरल्यावर न विसरता परत फिरवायचा. उंचीवरच्या खटक्याने सखल भागात चालवलं तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापून खराब होऊ शकतं. नव्या इंधन-इंजेक्शनच्या मॉडेलना हे करावं लागत नाही.

ऑइल, हवा, उतार

ऑइल रोज बघा, म्हणजे ज्या दिवशी जनरेटर तासन्‌तास चालणार त्या दिवशी सकाळी, गार असताना, गाडी सपाटीवर उभी करून. चार हजारांच्या जनरेटरमध्ये ऑइल मावतं जेमतेम दीड लिटर, त्यामुळे पाव लिटर जळलं तरी फरक पडतो. ऑइल कमी झालं की जनरेटर स्वतःला बंद करतो. पुन्हा पुन्हा सेल मारून त्याला चालवत राहिलात तर इंजिनचा जीव जातो. बाटली दहा डॉलरची. ऑइल आणि फिल्टरची नियमित सर्व्हिस दुकानात शंभर ते दोनशे डॉलर, स्वतः केली तर पंचवीस-तीस. दर 150 तासांनी किंवा वर्षातून एकदा हे करावं, जे आधी येईल ते. नव्या जनरेटरचं पहिलं ऑइल मात्र 20 तासांनंतरच बदलायचं असतं.

दुपारी दोनला बंद पडतो आणि संध्याकाळी सातला नीट चालतो, तर उष्णतेकडे बघा. जनरेटर पोटाखालून हवा ओढतो. त्या जाळीत वाळकं गवत, चिखल, कधी गांधीलमाश्यांचं घर सापडतं. एअर फिल्टर वाळवंटात धूळ खाऊन लवकर तुंबतो. तो वीस-तीस डॉलरचा, हाताने बदलता येतो. उंच वाळक्या गवतावर गाडी लावून जनरेटर तर कधीच चालवू नका. धुराच्या नळीच्या धगीने गवत पेट घेतं.

प्रोपेनवरच्या लहान व्हॅनमध्ये सिलिंडरचा व्हॉल्व्ह एकदम उघडला तर सुरक्षा-झडप अडकते आणि गॅस पुरत नाही. व्हॉल्व्ह बंद करून सावकाश उघडा. डिझेलच्या मोठ्या गाड्यांत इंधनाचा फिल्टर आणि कूलंट आधी बघावं. त्यांचे पार्ट आणि मजुरी दोन्ही महाग, त्यामुळे तिथे अंदाजाने पार्ट बदलणं अजिबात परवडत नाही.

दुकानात काय बोलायचं

मोटरहोमच्या दुकानांची मजुरी साधारण तासाला 150 ते 200 डॉलर आहे, शहरानुसार थोडी कमी-जास्त. निदानाचा एक तास बहुतेक ठिकाणी आधीच धरलेला असतो. काही गाड्यांत जनरेटर फरशीखाली टांगलेला असतो. चार हजारांचं युनिटही पावणेदोनशे पौंडांच्या आसपास भरतं, आणि ते खाली उतरवायचं तर मजुरी तिथेच वाढते. म्हणून विचारा: हे काम जागेवर होईल की उतरवावं लागेल? निदानाचे पैसे दुरुस्तीच्या बिलातून वजा होतात का? काढलेला जुना पार्ट मला परत द्याल का? शेवटचा प्रश्न आधीच विचारला की पार्ट जपून बदलले जातात, असा माझा अनुभव आहे.

चार हजार वॅटचा नवा जनरेटर चार ते सहा हजार डॉलरला पडतो, बसवण्याचे वेगळे. आठ हजार वॅटचा डिझेल जनरेटर दहा हजारांच्या वर. अवर मीटरवर काही शेच तास दिसत असतील आणि दुकान नवा घ्या म्हणत असेल, तर घाई करू नका. नीट ऑइल मिळालेलं हे इंजिन हजारो तास चालतं. मात्र मीटर हजारोंत गेला आहे, ऑइल जळतंय, निळा धूर येतोय आणि दुरुस्तीचा अंदाज नव्याच्या निम्म्यावर पोचलाय, तर जुन्यावर पैसे ओतण्यात अर्थ नाही. तोवर अडलं तर वीज असलेली कॅम्पसाइट घ्या, रात्रीला साधारण 50 ते 100 डॉलर. आई-बाबा बरोबर असतील आणि दुपार 105 डिग्रीची असेल तर हा पैसा वाचवू नये.

धूर, मग बाकी सगळं

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं प्रवासाच्या शिणासारखीच वाटतात, आणि म्हाताऱ्या माणसांत तर ‘दमल्या असतील’ म्हणून सोडून दिली जातात. गाडीत त्याचा डिटेक्टर असतो. ट्रिपच्या आधी त्याचं बटण दाबून आवाज ऐका आणि त्यावरची बदलण्याची तारीख बघा, कारण तो काही वर्षांनी निकामी होतो. जनरेटर चालू ठेवून झोपू नका. डिटेक्टर वाजला तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कारण शोधणं नंतर. जनरेटर सारखा बंद पडतोय म्हणून त्याचा एखादा सुरक्षा-स्विच काढून तारा थेट जोडून देणारा कुणी भेटला, तर त्याला गाडीजवळही येऊ देऊ नका.

नॅशनल पार्कमध्ये जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत. यलोस्टोनमध्ये परवानगी असलेल्या कॅम्पग्राउंडवर सकाळी 8 ते रात्री 8. योसेमिटीत त्याहून कमी, सकाळ, दुपार आणि संध्याकाळ दोन-दोन तासच. बॅटरी भरणं आणि कुकर लावणं त्या वेळांतच बसवा.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना

भाड्याच्या गाडीत जनरेटरचे पैसे बहुधा तासावर असतात, साधारण 3 ते 5 डॉलर, काही ठिकाणी रोजचे काही तास मोफत किंवा एकरकमी. गाडी ताब्यात घेताना घाई असते, मुलं आधीच वरच्या बंकवर चढलेली असतात, पण जनरेटर तिथेच सुरू करायला लावा. एसी आणि मायक्रोवेव्ह दोन्ही लावून निदान वीस मिनिटं चालवा. पाच मिनिटं सगळेच चालतात. अवर मीटरचा, पेट्रोलच्या काट्याचा आणि ऑइलच्या डिपस्टिकचा फोटो काढा. रस्त्यात बिघाड झाला तर फोन कुणाला करायचा आणि किती डॉलरपर्यंतची दुरुस्ती विचारल्याशिवाय करता येते, हे करारात दाखवून घ्या. न विचारता केलेल्या दुरुस्तीचे पैसे बऱ्याच कंपन्या देत नाहीत. फोनवर होकार मिळाला तरी तो मेसेजवर लिहून मागा आणि पावती जपा.

बंद पडलेला जनरेटर वारंवार सुरू करण्यात मीटरवर तास चढतात. त्या काळात कंपनीला किती वाजता फोन केला याची नोंद असेल, तर परत देताना त्या तासांची आकारणी कमी करून मागता येते. विजेच्या साइटवर राहावं लागलं असेल तर तिची पावतीही त्याच वेळी पुढे ठेवा, गाडीची किल्ली देण्याआधी.